बाथरूमच्या दुरुस्तीचे कोटेशन रास्त आहे की नाही, हे कसे ओळखावे?

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरील काकूंनी मला त्यांच्या घरी बोलावून छताकडे बोट दाखवले. ताटाएवढे पिवळे वर्तुळ, त्याच्या मध्यभागी रंगाचे पोपडे, आणि खाली ठेवलेली बादली. कोथरूडमधील आमची इमारत तीस वर्षांपूर्वीची, लिफ्ट नसलेली, आणि आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम संपूर्ण उखडून नव्याने करण्यावाचून पर्याय नाही, हे प्लंबरने पाचच मिनिटांत सांगितले. त्यानंतर मी तीन ठेकेदारांकडून कोटेशने घेतली. त्यांतील आकडे होते ८८,०००, १,४२,००० आणि २,१५,०००. बाथरूम तेच, माणसेही तीच, आणि दरात अडीच पटींचा फरक.

पहिला ठेकेदार भला आणि तिसरा लुबाडणारा, असे माझे तेव्हाचे मत झाले होते. ते चुकीचे निघाले. ते कसे निघाले आणि कोटेशन वाचायचे कसे, हे ज्यांनी आजवर घरात गवंडीकाम करून घेतलेले नाही, त्यांच्यासाठी क्रमाने लिहीत आहे. येथील दर पुण्यातील आणि त्या वेळचे आहेत. तुमच्या गावी ते वेगळे असतील, पण पडताळणीची रीत तीच राहील.

आधी जवळ ठेवायच्या गोष्टी

मोजपट्टी, वही, मोबाइलचा कॅमेरा, इमारतीचा मंजूर नकाशा मिळाल्यास त्याची प्रत, सोसायटीची दुरुस्तीसाठीची लेखी परवानगी, आणि खालच्या घरातील गळतीची तारखेसह छायाचित्रे. एक रुपयाचे नाणेही ठेवा. ते कशासाठी, हे दुसऱ्या पायरीत येईल.

१. ठेकेदार येण्याआधी स्वतः माप घ्या

आमचे बाथरूम ७ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे. चारही भिंतींची एकूण लांबी २३ फूट होते. टाइल ७ फूट उंचीपर्यंत लावायची असल्याने भिंतींचे क्षेत्रफळ १६१ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सात फुटांच्या दरवाजाचे साडेसतरा आणि दोन बाय दीड फुटांच्या झरोक्याचे तीन चौरस फूट वजा केले की १४०.५ चौरस फूट उरतात. तळाचे साडेएकतीस मिळवले की एकूण १७२ चौरस फूट.

हा १७२ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. टाइल कापताना काही तुकडे वाया जातात म्हणून खरेदी दहा टक्के जास्त करावी लागते, म्हणजे साधारण १९० चौरस फुटांची. आमच्या टाइलच्या एका बॉक्समध्ये सुमारे ९.७ चौरस फूट माल होता. त्या हिशेबाने भिंतींना १६ आणि तळाला ४, असे वीस बॉक्स लागले. पुढे कधी एखादी टाइल फुटली तर त्याच छटेची मिळत नाही, म्हणून एकेक बॉक्स जादा घेऊन माळ्यावर ठेवणे शहाणपणाचे.

२. जुन्या बाथरूमची अवस्था समजून घ्या

नाण्याच्या कडेने प्रत्येक टाइलवर हलकेच टकटक करा. खाली माल भरलेला असेल तर आवाज ठोस येतो, पोकळी असेल तर भद्द. आमच्याकडे कमोडच्या मागच्या भिंतीची जवळजवळ निम्मी बाजू पोकळ वाजत होती. नळाची जुनी पाइपलाइन लोखंडी आहे की प्लॅस्टिकची, हेही पाहा. सकाळी नळाला पहिले पाणी तांबूस येत असेल, तर लोखंडी पाइप आतून गंजलेला आहे असे समजावे.

याच टप्प्यावर खर्च कोणाचा, हेही स्पष्ट करून घ्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतील गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, तर इमारतीच्या बाहेरून उतरणारे सामाईक पाइप ही संस्थेची जबाबदारी असते. बाहेरचा पाइप बदलण्याचा खर्च ठेकेदाराने तुमच्या कोटेशनमध्ये घातला असेल, तर तो आधी कमिटीसमोर ठेवा.

३. सर्वांना एकच लेखी यादी द्या

माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. मी तिघांनाही बाथरूम दाखवले आणि ‘पूर्ण नवीन करायचे आहे, किती होतील?’ असे विचारले. प्रत्येकाने ‘पूर्ण’ या शब्दाचा आपल्या सोयीचा अर्थ घेतला. त्याऐवजी कामाची यादी तुम्हीच तयार करावी आणि तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे माप, दर व रक्कम भरून मागावी. यादी अशी असावी:

- जुनी टाइल, प्लास्टर आणि तळाचा (फरशीखालच्या विटा-सिमेंटचा) भराव काढणे
- राडारोडा खाली उतरवणे आणि वाहून नेणे
- पाण्याची व सांडपाण्याची नवीन पाइपलाइन, किती पॉइंट (पाणी घेण्याच्या व सोडण्याच्या जागा)
- वॉटरप्रूफिंग, कोणत्या पद्धतीने, किती थर
- भिंतीची टाइल व तळाची फरशी, माल आणि मजुरी वेगवेगळी
- दरवाजाची ग्रॅनाइटची चौकट आणि उंबरा
- कमोड, बेसिन, नळ, शॉवर, फक्त बसवण्याची मजुरी
- गीझर, दिवा आणि एक्झॉस्ट पंख्याचे वायरिंग

‘उक्ते काम, सगळे धरून अमुक’ असे एका ओळीत लिहून देणाऱ्याकडे तपशील मागावा. तो ‘तपशील कशाला, विश्वास ठेवा’ म्हणाला, तर तो माणूस वाईट असेलच असे नाही, पण त्याच्या कोटेशनला रास्त किंवा अवाजवी ठरवण्याचा कोणताही मार्ग तुमच्याकडे उरत नाही.

४. तिन्ही कोटेशने एका पातळीवर आणा

उशिरा का होईना, मी तिघांकडून ही यादी भरून घेतली, आणि चित्र पालटले. ८८,००० वाल्याने तळाचा जुना भराव काढणे धरलेच नव्हते. वरून ‘केमिकल मारणे’ एवढेच लिहिले होते. वॉटरप्रूफिंग नीट करायचे तर आणखी २२,०००, नवीन पाइपलाइनचे १४,०००, राडारोड्याचे ७,००० आणि ग्रॅनाइटच्या चौकटीचे ६,५००. बेरीज झाली १,३७,५००. दुसऱ्याच्या १,४२,००० मध्ये हे सर्व आधीपासून होते. तिसऱ्याच्या २,१५,००० मध्ये ४५,००० चे कमोड व नळ आणि १८,००० ची काचेची आडभिंत होती. हे दोन्ही मी मागितलेलेच नव्हते. ते वजा केल्यावर उरले १,५२,०००.

म्हणजे वरवर सव्वा लाखाहून जास्त वाटणारा फरक प्रत्यक्षात साडेचौदा हजारांचा होता. आपल्याकडे स्वस्त ठेकेदार म्हणजे बहुतेक वेळा अर्धे काम यादीबाहेर ठेवणारा ठेकेदार असतो. काम सुरू झाल्यावर, भिंती उघड्या पडलेल्या आणि घरातील माणसे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात असताना, ‘साहेब, हे एक्स्ट्रा होईल’ हे वाक्य येते, आणि तेव्हा आपण नाही म्हणू शकत नाही.

५. क्षेत्रफळाचा आकडा तपासा

आता वहीचे पहिले पान काढा. तिसऱ्या ठेकेदाराने टाइलचे क्षेत्रफळ २४० चौरस फूट लिहिले होते. झरोका वजा न करणे समजू शकते. लहान उघडी जागा न वजा करण्याची रीत मापनात आहेच, शिवाय तिच्या कडा बसवायला मेहनतही लागते. परंतु दरवाजा वजा न करणे, आणि वर वाया जाणाऱ्या टाइलसकट मजुरी लावणे, हे मान्य करू नये. वाया जाणारी टाइल विकत घ्यावी लागते, लावावी लागत नाही. म्हणून माल १९० चौरस फुटांचा आणि मजुरी १७२ चौरस फुटांची, असे दोन आकडे वेगळे असायला हवेत. २४० च्या हिशेबात ५० चौरस फूट टाइल ६५ रुपयांनी आणि ६८ चौरस फूट मजुरी ६० रुपयांनी जादा लागत होती, म्हणजे ७,३३० रुपये. साडेचौदा हजारांपैकी निम्मा फरक एवढ्यातच सापडला.

टाइल शक्यतो स्वतः दुकानातून घ्यावी. ठेकेदार ज्या दुकानात नेतो तेथे त्याचे कमिशन ठरलेले असू शकते. त्यात गुन्हा नाही, पण ते कोटेशनमध्ये दिसत नाही.

६. फरशीखाली जाणाऱ्या कामांवर सर्वाधिक वेळ द्या

टाइलचा रंग सर्वांना दिसतो, म्हणून त्याबद्दल घरात आठवडाभर चर्चा होते. गळती होते ती टाइलखालच्या कामामुळे, आणि कोटेशनमध्ये त्याला बहुधा दोनच ओळी असतात.

बहुतेक जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागाला ‘संकन’ म्हणतात. पाइप त्यात टाकून वरून विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव केलेला असतो, तो म्हणजे ब्रिकबॅट कोबा. पाइपचा एखादा सांधा झिरपू लागला की हा भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि ते हळूहळू खालच्या घरात उतरत राहते. आमच्याकडे भराव काढला तेव्हा तळाच्या विटा ओल्या चिंब होत्या आणि त्यांना गटाराचा वास येत होता. अशा भरावावर नवी टाइल चढवून ‘केमिकल’ मारणे म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी बांधणे. म्हणून जुनी गळती असेल तर स्लॅबपर्यंत खोदाई कोटेशनमध्ये लिहिलेली असलीच पाहिजे.

वॉटरप्रूफिंगच्या ओळीत पुढील गोष्टी लेखी मागा: स्लॅबवर आणि भिंतीच्या खालच्या किमान एक फूट भागावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या कोटिंगचे दोन हात, भिंत व तळ यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलवा, पाइप जेथे स्लॅबमधून जातो तेथील फट भरणे, आणि पाणी भरून चाचणी. चाचणीसाठी सांडपाण्याचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरतात आणि ४८ तास तसेच ठेवतात. पातळीवर पेन्सिलने खूण करावी. एकदा कोटिंगनंतर आणि एकदा कोबा झाल्यानंतर, अशी दोनदा ही चाचणी व्हावी. या चार-पाच दिवसांत मजूर बसून राहत असल्याने ठेकेदार ती टाळू पाहतो. तिच्यासाठी त्याने दोन-तीन हजार जास्त लावले असतील तर ते मी रास्तच मानीन.

पाइपच्या बाबतीत फक्त कंपनीचे नाव लिहून घेणे पुरेसे नाही. प्लॅस्टिकच्या पाइपांत गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइपच लागतो, साधा यूपीव्हीसी चालत नाही. सीपीव्हीसीमध्येही एसडीआर (पाइपचा व्यास आणि जाडी यांचे गुणोत्तर) ११ आणि एसडीआर १३.५ असे दोन वर्ग मिळतात आणि पहिला जाड असतो. सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाइपमध्ये ‘टाइप ए’ हा पावसाचे पाणी आणि हवा जाण्यासाठी, तर ‘टाइप बी’ हा संडास व सांडपाण्यासाठी असतो. ‘बी’ जाड असतो, म्हणून महागही. दोन्ही एकाच कंपनीचे असल्याने कोटेशनमध्ये फरक कळत नाही, पण पाइपवर ते छापलेले असते. माल आला की वाचून पाहा आणि छायाचित्र काढा. भिंतीत पाइप गाडून झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा) बुजवण्याआधी पंपाने दाब देऊन सांधे तपासणे हेही यादीत असावे.

तळाला नहाणीच्या जाळीकडे फुटाला साधारण दोन सूत, म्हणजे पाव इंच, ढाळ असावा. काम झाल्यावर तांब्याभर पाणी दूरच्या कोपऱ्यात ओता. कुठेही डबके न साचता ते जाळीकडे गेले पाहिजे. तळाची फरशी खरखरीत घ्या. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या गाऱ्यावर ती नीट धरत नाही आणि तिला टाइल ॲडहेसिव्ह लागते. २० किलोची एक गोणी सपाट पृष्ठभागावर साधारण ४० ते ५० चौरस फुटांना पुरते. कोटेशनमध्ये दहा गोण्या लिहिल्या असतील तर एवढ्या कशासाठी, हे विचारावे. भिंती ओळंब्यात नसतील तर काही जास्त लागतात, हेही खरे.

७. मजुरी दिवसांत मोजून पाहा

शेवटी ज्याला काम दिले, त्या दुसऱ्या ठेकेदाराने एकूण मजुरी ४२,००० लावली होती. ती जास्त की योग्य, हे कळण्यासाठी मी त्यालाच विचारले, ‘किती माणसे, किती दिवस?’ उत्तर मिळाले: गवंडी १० दिवस, प्लंबर ३ दिवस, बिगारी १४ दिवस. आमच्या भागात तेव्हा गवंड्याचा रोज १,१००, प्लंबरचा १,२०० आणि बिगाऱ्याचा ७५० होता. बेरीज २५,१०० झाली.

यावर ठेकेदाराचा वाटा हवाच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या दरांच्या पृथक्करणात (दर कसा बनतो याच्या फोडीत) ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतो. मात्र तो मोठ्या सरकारी कामांचा हिशेब आहे. एका बाथरूमसाठी हत्यारे वर चढवणे, चाचणीच्या दिवसांत माणसे अडकून पडणे आणि वर्षभरात काही बिघडल्यास येऊन पाहणे, या सगळ्याचा भार लहान कामावर जास्त पडतो. मजुरीवर तीस टक्क्यांपर्यंत मला पटले आणि आम्ही ३३,००० वर थांबलो. त्याने ते मान्य करताना चेहरा पाडला नाही, यावरून मी आणखी थोडे खाली जाऊ शकलो असतो असे आमच्या घरी आजही ऐकावे लागते.

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूचीही पाहता येते. तिच्यातील दर जसेच्या तसे लागू करू नयेत, पण कोणत्या कामात काय काय धरलेले असते, हे वाचून कळते.

राडाही असाच मोजता येतो. आमच्या संकनमध्ये फूटभर भराव होता, त्यात भिंतीवरील प्लास्टर आणि टाइल मिळवली आणि फोडल्यावर माल फुगतो हे धरले, तर साठेक गोण्या होतात. तीन मजले उतरवून टेम्पोत भरायच्या साठ गोण्यांना ७,००० रुपये ही काही लूट नव्हे. तो राडा नेमका कुठे टाकणार, एवढे मात्र विचारा. नदीकाठी किंवा रस्त्याकडेला टाकला आणि महापालिकेने पकडले, तर शोध तुमच्या दारापर्यंत येतो.

८. जीएसटीच्या ओळीकडे लक्ष द्या

कोटेशनच्या शेवटी ‘जीएसटी १८ टक्के वेगळा’ असे लिहिलेले असेल, तर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक मागा आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करण्याचा अधिकारच नाही. महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणी बंधनकारक नसते, त्यामुळे लहान मिस्त्रीकडे क्रमांक नसणे गैर नाही. गैर आहे ते क्रमांकाशिवाय कर लावणे. दुसरे असे की, सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोणी त्याआधीचे जुने दर काढून दाखवत असेल तर हे लक्षात आणून द्यावे. नळ आणि गीझरची बिले मात्र स्वतःच्या नावाने घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी ठेकेदाराला शोधत फिरावे लागते.

९. हप्ते कामाशी बांधा

घासाघीस दरावर करण्यापेक्षा हप्त्यांवर करावी, असे माझे मत आहे. सुरुवातीला इसार म्हणून दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये. ‘माल उचलायचा आहे’ म्हणून निम्मी रक्कम मागितली, तर मालाचे पैसे थेट दुकानदाराला द्यावेत. मजुरीतले ९,००० कमी होऊन १,४२,००० चे आमचे ठरलेले १,३३,००० असे विभागले: इसार १५,०००, खोदाई व राडा उचलल्यावर २५,०००, पाण्याची दुसरी चाचणी पार पडल्यावर ४०,०००, टाइल पूर्ण झाल्यावर ४०,०००, आणि उरलेले १३,००० बाथरूम महिनाभर वापरून झाल्यावर. यादीबाहेरचे कोणतेही काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू होणार नाही, ही ओळ कोटेशनच्या खाली हाताने लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

दुसऱ्या चाचणीच्या वेळी ठेकेदार चोवीस तासांतच पाणी सोडू म्हणत होता. ‘चाळीस हजार ४८ तासांनी’ एवढेच मी म्हटले, आणि पाणी राहिले. त्या दोन दिवसांत काकूंच्या घरी मी चार वेळा जाऊन छत पाहिले. शेवटच्या वेळी त्यांनी बादली उचलून माझ्या हातात दिली, कारण ती मुळात आमचीच होती. तेरा हजारांचा शेवटचा हप्ता मी तिसाव्या दिवशी दिला. त्यातले पाचशे रुपये कापले, कारण ग्रॅनाइटच्या उंबऱ्याची एक कड बसवताना उडाली होती.